आंबटासाठी बाटली कशाला?

फळांचा रस व्हिनेगर-साखरेत मुरवून सरबत करण्याची जुनी युरोपीय रीत चांगलीच आहे. पण लातूर-नांदेडच्या स्वयंपाकघराला आंबटासाठी बाटली विकत आणायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. इथं कैरी आहे, चिंच आहे आणि हरभऱ्याची आंबही आहे. ती मिळवायला थंडीत रात्री हरभऱ्याच्या पिकावर स्वच्छ धोतर पसरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते पिळायचं; पानांवरचं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल त्यात उतरतं. कुणी म्हणेल, कैरीचं पन्हं टिकत नाही. उकडलेल्या कैरीचा गर गुळात आटवून कोरड्या बरणीत भरला तर टिकतो, पाणी प्यायच्या वेळी घालावं. गूळही शेवटी साखरच, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून पेला लहान घ्यावा. आंब तर थेंबांनीच वापरायची, आणि मूतखड्याचा त्रास असेल तर ती टाळायची.