सोपे, मध्यम, अवघड

संगणकावरचा बहुतेक कोणताही खेळ सुरू केला, की तो आधी एक प्रश्न विचारतो : सोपे, मध्यम की अवघड? विद्यापीठाने प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर हा प्रश्न छापला, तर आमच्या वर्गातली मंडळी काय उत्तर देतील ते प्राध्यापकांना सांगायला नको. पण गंमत अशी, की खेळताना हीच मंडळी छाती काढून 'अवघड'वर बोट ठेवतात. मीही त्यांतलाच.

आमच्या घरात संगणक आला तो दीड वर्षापूर्वी. पुण्याच्या आतेभावाने नवा घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला, 'अभ्यासाला होईल' म्हणून. अभ्यासाला तो झाला नाही असे नाही. पण त्यात दोन-चार खेळ आधीपासूनच होते. एक होता १९९३ सालचा 'डूम'. त्यात पाच काठिण्यपातळ्या. सर्वांत सोपीचे नाव 'मरायला मी अजून लहान आहे' अशा अर्थाचे, आणि शेवटचीचे 'दुःस्वप्न'. त्याच कंपनीच्या १९९२ सालच्या 'वुल्फेनस्टाइन'मध्ये तर सर्वांत सोप्या पातळीवर गेले, की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी दिसते. म्हणजे खेळायच्या आधीच टोमणा! ते टोपडे पाहिले आणि ठरवले, आपण मधल्या पातळीच्या खाली उतरायचे नाही.

'डूम'मध्ये पातळी बदलली तरी इमारत तीच राहते. तेच दरवाजे, तेच जिने. राक्षस कमी-जास्त होतात. अगदी खालच्या पातळीवर लागणारा मार निम्मा होतो आणि गोळ्या दुप्पट मिळतात. हे वाचल्यावर मला वाटले होते, की सोपी पातळी म्हणजे ग्रेस मार्कांनी पास होणे.

आता दादाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो इचलकरंजीतच मागावर लागला. बारा तासांची पाळी. दोन वर्षांपूर्वी धोटा उडून त्याच्या उजव्या हातावर बसला. तेव्हापासून त्या हाताची दोन बोटे पुरती वळत नाहीत. मालकाने दवाखान्याचा पहिला खर्च दिला. पुढे तो विषय निघाला नाही. दादा महिन्याभराने पुन्हा मागावर उभा राहिला आणि त्याच वर्षी मी कॉलेजात नाव घातले. या दोन गोष्टी मी एकाच वाक्यात पहिल्यांदाच लिहितो आहे.

त्याच संगणकात 'सेलेस्ट' नावाचा २०१८ सालचा खेळ आहे. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढीच गोष्ट. उडी मारायची, भिंतीला चिकटायचे, हवेतच झेप घ्यायची. क्षणभर चुकले, की खाली पडून त्या टप्प्याच्या सुरुवातीपासून पुन्हा. किती वेळा मेलात त्याचा हिशेब खेळ ठेवतो. पहिल्या दोन प्रकरणांतच माझा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता आणि तो मी मित्रांना अभिमानाने सांगत असे. पण या खेळात मदतीचीही सोय आहे. खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. मुलीचा दम संपू नये असे करता येते, ती मरूच नये असेही करता येते.

एका रविवारी दोन मित्र घरी आले असताना दादा तो खेळत बसला होता. मी पाहिले, वेग सत्तर टक्के. मी म्हणालो, "दादा, टोपडं घाल की आता." मित्र हसले. दादाही थोडे हसला. मग म्हणाला, "दिवसभर माग, आणि रात्री हितंबी मारच खाऊ व्हय?" आणि उठून गेला. पुढचे आठ दिवस तो संगणकापुढे बसला नाही.

त्या आठवड्यात एका रात्री मी उजव्या हाताची दोन बोटे पट्टीला दोऱ्याने बांधली आणि खेळायला बसलो. बाणांची बटणे उजव्या हातालाच येतात. जो टप्पा मी डोळे मिटून ओलांडत असे, तिथे चाळीस वेळा पडलो, मग मोजणे सोडले. त्याचे दुखणे मला कळले असे काही नव्हे. मी दोरा सोडला आणि बोटे मोकळी झाली. पण माझे 'मध्यम' आणि त्याचे 'मध्यम' एक नाही, एवढे मात्र कळले. सत्तर टक्क्यांवर तो जे करत होता ते माझ्या पूर्ण वेगाहून सोपे नसावे.

वर्गातल्या एका मित्राशी यावर वाद झाला. तो २०११ सालच्या 'डार्क सोल्स'चा भक्त. त्या जपानी खेळात पातळी निवडायची सोयच नाही. त्याचे म्हणणे, सगळ्यांना तोच राक्षस, तोच मार, म्हणून तर आपण एकमेकांना आपली हकीकत सांगू शकतो. हे मला अर्धे पटते. सगळ्यांनी एकच घाट चढावा यात मजा आहेच. पण मागालाही पातळी निवडायची सोय नसते, आणि तिथल्या हकीकती ऐकायला कुणी बसत नाही.

दादाची माफी काही मी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. संगणक लावून नुसती हाक मारली, "दादा, ये की."

"टोपडं कुठाय?" तो म्हणाला, आणि बसला.

हे लिहीत असताना पुढच्या वर्षाच्या विशेष विषयाचा अर्ज माझ्या दप्तरात कोराच आहे. मनातून इंग्रजी घ्यावेसे वाटते. सगळे म्हणतात, झेपणार नाही, सोपे काहीतरी घे. खरे सांगायचे तर त्या पुस्तकांचे एक पान वाचायला मला अर्धा तास लागतो, आणि वर्गात हे कळेल याची भीती वाटते. काल दादाला विचारले. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाला, "मग अर्धा तास लाव की. कोण घड्याळ लावून बसलंय?"

शनिवार अर्जाची शेवटची तारीख. दादा सध्या चौथ्या प्रकरणात आहे. तिथे वारा फार, उडी मारली की मागे लोटतो. परवा त्याने वेग सत्तरचा ऐंशी केलेला दिसला. मला सांगितले नव्हते.