मामांची पद्मिनी

हैदराबादला सुलतानबाजारात राहणाऱ्या माझ्या मामांकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. "कंपनीने दिले तेच खरे," हा मामांचा हट्ट.

गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि पुढच्याच वळणावर एक शाळकरी पोर आडवे आले. ओल्या ड्रमने ब्रेक धरला, पण एकाच बाजूचा. गाडी डावीकडे ओढली गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. त्या रात्री मामा जेवले नाहीत.

मी गोव्याहून गेलो तेव्हा गाडी मेस्त्रीकडे होती. "साब, गाडी भगाना सबकू आता, रोकना आना," म्हणत त्याने समजावले. ड्रम बंद डब्यासारखा, पाणी आणि उष्णता आत कोंडतात. डिस्क उघडी, वाऱ्याने निवते, पाणी फेकून देते. पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. फिरता ड्रम ब्रेक शू स्वतःच ओढून घेतो, डिस्कला ती मदत नाही. म्हणून बूस्टर हवा, मास्टर सिलिंडरही बदलायचा. मागचे ड्रम आणि हँडब्रेक तसेच.

रविवारी आम्ही चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची पिवळी रोल्स रॉइस पाहिली. १९१२ ची. मामा बराच वेळ उभे होते.

"हिला कुठे जायचे नाही, ही तशीच राहू दे," ते म्हणाले. "आपल्याला भाजी आणायची असते."

पुढचे जुने ड्रम मात्र धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवले आहेत.