बोलक्या पुस्तकातला ळ

रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा रेल्वेवरचं आमचं गाव. 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होतं, आता सौंसर आणि पांढुर्णा मिळून झालेल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरातली बोली मात्र बदलली नाही. चुलीपाशी, वावरात, लग्नाच्या मांडवात मराठी; शाळेत, कचेरीत आणि दुकानांच्या पाट्यांवर हिंदी. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, दोन्ही भाषा तोंडात बसलेल्या असतात. पण चार वर्षांच्या लेकराला पहिलं अक्षर दाखवायचं तर ते कोणत्या भाषेतल्या शब्दातून दाखवायचं? ते ज्या भाषेत रडतं, हट्ट करतं, त्या भाषेतलं छापील पुस्तक आणायला आम्हाला नागपूर गाठावं लागे.

लेकानं नातीसाठी टॅब आणला तो गाण्यांसाठी. त्यात एक गाण्यांचं पुस्तक होतं. पान उघडलं की चाल सुरू, बदकाला बोट लावलं की बदक ओरडतं, ढगाला लावलं की पाऊस पडतो. नात हरखून गेली. मी शेजारी बसून पाहत होते. खाली मोठ्या अक्षरांत गाण्याची ओळ होती, पण तिची नजर तिकडे फिरकत नव्हती. बदक, ढग, बदक, ढग. गाणं संपलं तरी ती बदकाशीच होती. गाण्यात काय झालं असं विचारलं तर तिला सांगता येईना.

पुढं वाचनात आलं की नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2015 साली अशा पुस्तकांवरचे 43 अभ्यास एकत्र तपासले होते. गोष्टीला धरून हलणारं चित्र, तिला साजेसा आवाज आणि संगीत यांनी मुलांना गोष्ट समजायला आणि शब्द उमगायला मदत होते. पण गोष्ट सोडून बोट लावायला लावणाऱ्या करामती आणि मध्येच येणारे खेळ लक्ष ओढून नेतात, असं त्यांना आढळलं. आमच्या ओसरीवर तेच दिसत होतं. तेव्हापासून पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते: बोट लावल्यावर बोलतं कोण, बदक की शब्द?

शब्द बोलणारी पुस्तकं मला स्टोरीवीव्हरवर मिळाली. बंगळुरूच्या प्रथम बुक्सनं 2015 च्या सप्टेंबरात सुरू केलेलं हे मोफत ग्रंथालय. मराठी आहे, हिंदी आहे, आणि आमच्या जिल्ह्याच्या शेजारपाजारची गोंडीही आहे. पुस्तकांना चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दोन लहान वाक्यं. काही पुस्तकं वाचून दाखवणारी आहेत: आवाज जसा पुढं सरकतो तसा तो तो शब्द रंगतो. पुस्तकं उतरवून ठेवता येतात, त्यामुळे नेट गेलं तरी अडत नाही.

त्या रंगणाऱ्या शब्दानं जे केलं ते मी जवळून पाहिलं. संत्र्यांचे दिवस होते, तिची बोटं रसानं चिकट, आणि ओल्या बोटाला टॅब दाद देईना. मी पदरानं तिची बोटं पुसली. ती बोट शब्दांवरून डावीकडून उजवीकडे नेऊ लागली. आधी आवाज पुढं आणि बोट मागं. मग दोन्ही बरोबर. मग एका पानावर बोट आवाजाच्या आधी पोचलं, आणि ती आवाजाची वाट न पाहता म्हणाली, "घर." आवाजही "घर" म्हणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजी, मले मालूम होतं!" ओळ कुठून सुरू होते, दोन शब्दांमध्ये जागा का असते, हे सगळं लेकराला कुणी समजावून सांगत नाही. ते असं बोटाखालून जावं लागतं.

मग बाळ आलं, फळ आलं, केळी आली आणि ळ आला. बोलताना हा आवाज तिच्या तोंडात दिवसभर असतो, पण हिंदीच्या अक्षरतक्त्यात त्याला घर नाही. तक्त्यावर क, ख, ग ओळखणाऱ्या नातीनं एक दिवस विचारलं, "इथं बाळातला ळ काहून नाही?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आपण जे बोलतो ते लिहिता येतं, आणि इथं ते लिहिलेलं नाही, हे दोन्ही तिला कळलं होतं. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा पाटीवर "सांवली" वाचून मी तिला सांगितलं, की हिंदीत असं लिहितात, आपण असं म्हणतो. तिनं दोन्ही मान्य केलं. लिपी एकच असल्याचा फायदाही झाला. स्टेशनवरच्या पाटीपुढं उभी राहून तिनं रा, मा सुटे सुटे म्हटले, को वर अडली, ना वर सुटली, आणि मग सगळं जोडून गावाचं नाव म्हटलं. ती अक्षरं तिनं मराठी पुस्तकातून उचलली होती आणि वाचली हिंदी पाटी. घरच्या भाषेनं शाळेच्या भाषेची वाट अडते असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

टॅब देऊन लेकराला बाजेवर सोडून द्यावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढं बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, कमी असेल तर उत्तम. आमच्याकडे एक पुस्तक दोनदा होतं आणि टॅब कपाटात जातो. पहिल्यांदा आवाजासकट. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तेव्हा वाचणारी मी. मी मध्ये थांबते, "आता काय होईल गं?" विचारते, ती काहीतरी वेगळंच सांगते, आणि कधीकधी तिची गोष्ट पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा चांगली असते. टॅबमधल्या आवाजाला असं थांबता येत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढं मुलं येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. माझ्या मते या पुस्तकांचं काम तेच असायला हवं, लेकराच्या अंगणात येण्याचं.

आणि आमचं अंगण या पुस्तकांत अजून पुरतं आलेलं नाही. समुद्र आहे, मेट्रो आहे; पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा मला कुठं दिसला नाही. म्हणून आम्हीच त्याचं एक पुस्तक केलं. लाकडी बैलाचे फोटो, पानाला एक वाक्य, ठळक अक्षरं, आणि प्रत्येक पानाला मोबाइलवर भरलेला माझा आवाज. बैलाची झूल, शिंगांचा रंग, दारोदार फिरून मिळालेला खाऊ, एवढंच. "तुले", "मले" तसंच ठेवलं. शेजारची पोरं येतात, आपलाच बैल ओळखतात आणि त्याखालचा शब्द म्हणतात. सूनबाईंनी ते आपल्या बहिणीलाही पाठवलं, सौंसरला.

पुढचं पुस्तक संत्र्याचं करायचं ठरलं आहे. फोटो आपल्याच झाडाचे हवेत, फुलापासून, असा नातीचा हट्ट असल्यामुळे बहाराची वाट पाहणं चाललं आहे. पहिल्या पानावरचं वाक्य तिनं सांगून ठेवलंय, त्यात ळ कसा बसवायचा एवढं माझ्याकडे लागलंय.