खालचा थर

आमच्या पिढीला ड्राफ्ट माहीत होता तो दोन प्रकारचा. एक बँकेचा, आणि दुसरा साहेबाच्या टेबलावरून लाल शाईत न्हाऊन परत येणारा. तिसराही एक प्रकार असतो हे ज्ञान मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 2025 च्या एप्रिलात, शिकागोच्या एका उपनगरात मुलीच्या घरी झालं. अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस संघांनी कॉलेजातली पोरं एकेक करून निवडून घ्यायची, याला तिथे ड्राफ्ट म्हणतात. आणि यात गंमत अशी, की आदल्या मोसमात जो संघ शेवटून पहिला आलेला असतो, त्याचा निवडण्याचा मान पहिला! विजेत्याचा नंबर शेवटी. टीव्हीचे पैसे सगळ्यांना सारखे वाटायचे, आणि खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादाही 1994 पासून सगळ्यांना सारखीच. जगाला भांडवलशाही शिकवणाऱ्या देशात हे चालतं. आमच्या वाड्यातले समाजवादी काका हे ऐकायला हयात नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

हा खेळ हातानं खेळत असताना त्याला फुटबॉल का म्हणतात, असं कुणाला विचारू नका. मी विचारलं होतं. जावयांनी चहा पुढे केला.

त्या घरात एक शीतयुद्ध चालू असतं, ते आधी सांगायला हवं. जावई शिकले विस्कॉन्सिनमध्ये, म्हणून ते ग्रीन बे पॅकर्सचे. चौदा वर्षांचा नातू जन्मला इलिनॉयमध्ये, म्हणून तो शिकागो बेअर्सचा. आपल्याकडे सासू-सुनांचं जे असतं ते या दोन संघांचं शंभर वर्षांपासून आहे. मुलगी अलिप्त राष्ट्र. मी पाहुणा, त्यामुळे दोन्ही बाजू मला आपल्याकडे ओढत. रोज रात्री जेवणानंतर माझी शिकवणी. आमचं आक्रमण असं, त्यांचं तसं. यंदा आम्ही कोण घ्यावा, ते कोण घेतील. पंचांग पाहणाऱ्या गुरुजींना लाजवील अशी गणितं.

पहिल्या आठवड्यात मला काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दहीहंडी आठवली आणि सगळं कळलं. आक्रमणात अकरा जण. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे वरचा गोविंदा. चेंडू त्यानं टाकायचा, फोटो त्याचा, जाहिराती त्याच्या. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं, एकेक तीनशे पौंडांच्या पुढचं, अंगाचा कोट करून उभी असतात. मधला सोडला तर ते एरवी चेंडूला हातसुद्धा लावत नाहीत. समोरच्यांनी क्वार्टरबॅकला तुडवू नये एवढंच त्यांचं काम. हा खालचा थर. हंडी फुटल्यावर यांचं नाव कुणी घेत नाही, आणि गोविंदा पडला की आधी शिव्या यांना.

आता नातवाच्या शिकागोचा इतिहास पाहा. म्हणजे नेहमी गोविंद्याचाच शोध! अगदी पहिला ड्राफ्ट 1936 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. त्यात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तो जे बरवँगर, शिकागो विद्यापीठाचा. फिलाडेल्फियानं त्याच्यावरचा हक्क शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हालासना देऊन टाकला. देण्याघेण्याची बोलणी फिसकटली, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पहिल्याच मुहूर्ताला शिकागोच्या दारातून वरात परत गेली म्हणायची.

तेव्हापासून नव्वद वर्षं होत आली, पण सवय तीच. 2017 साली त्यांची निवड तिसरी होती. तीन जादा निवडी देऊन ते एक पायरी वर, दुसऱ्यावर सरकले आणि मिच ट्रुबिस्की नावाचा क्वार्टरबॅक घेतला. त्याच दिवशी दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीनं घेतला पॅट्रिक माहोम्स. माहोम्सनं 2024 पर्यंत तीन सुपर बोल जिंकले. या विषयावर नातू जेवताना बोलत नाही. 2021 साली जस्टिन फील्ड्स आणला, तोही तीन वर्षांत गेला. 2023 साली मात्र त्यांनी पहिली निवड कॅरोलायनाला विकून शहाणपणा केला. मोबदल्यात कॅरोलायनाची पुढच्या वर्षीची निवडही पदरात पडली, आणि कॅरोलायना इतकी सपशेल नापास झाली की तीच निवड पहिली ठरली! दुसऱ्याच्या नापासावर यांचा पहिला नंबर. त्यातून 2024 ला आला केलेब विल्यम्स. आणि त्याला उभं केलं कुणाच्या खांद्यावर? खालचा थर होता कुठे! त्या एका मोसमात त्याला चेंडू हातात असताना 68 वेळा आडवा केला. सतरा सामन्यांत अडुसष्ट. नातवानं हा आकडा सांगितला तेव्हा माझ्यातला बाप जागा झाला. म्हटलं, ‘अरे, त्या पोराच्या आईला हे टीव्हीवर दाखवतात?’

आता जावयांचं ग्रीन बे. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. संघाचा कुणी धनाढ्य मालक नाही. गावकऱ्यांनी नि चाहत्यांनी घेतलेले शेअर, आणि त्यावर लाभांश शून्य. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखाच प्रकार, फरक इतकाच की चेअरमनचा पुतण्या क्वार्टरबॅक होत नाही. 1992 पासून 2022 पर्यंत या गावानं सगळा कारभार दोन क्वार्टरबॅकांवर चालवला: आधी ब्रेट फाव्र, मग ॲरन रॉजर्स. त्याच काळातले शिकागोचे क्वार्टरबॅक मोजायला बसलं तर हातापायांची बोटं संपतात. ग्रीन बेची युक्ती काय? म्हातारा ठणठणीत असतानाच त्याच्या मागे पोरगा आणून बसवायचा. 2005 साली चोविसावा निवडलेला रॉजर्स तीन वर्षं फाव्रच्या मागे बसला. 2020 साली रॉजर्सच्या मागे जॉर्डन लव्ह आणून बसवला. तोही तीन वर्षं बसला. पाहायचं, शिकायचं, बोलायचं नाही. जुन्या घरात नवी सून जशी तीन वर्षं आमटीला हात न लावता फोडणी पाहायची, तसं. आणि जुन्यांची पाठवणी कुठे? दोघेही न्यूयॉर्कच्या जेट्सकडे. फाव्र 2008 ला, रॉजर्स 2023 ला. जेट्स म्हणजे ग्रीन बेचा वृद्धाश्रमच असावा, असं नातवाचं मत.

जावई ही युक्ती मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी गप्प होतो. कारण असं एक पोरगं माझ्याही मागे आणून बसवलं होतं.

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. एका सोमवारी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलाला काटकोनात दुसरं टेबल. त्यावर एक तरुण, नव्या पेनासह. ‘यांना जरा काम दाखवा,’ साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसत आत गेले. मी दाखवलं. कुठल्या फायलीला कुठली पुरवणी लागते, कुठल्या विभागाला पत्र पाठवायचं नि कुठल्या विभागाला नुसता फोन करायचा, सगळं दाखवलं. पण पहिल्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नव्हतं. हिनं विचारलं, ‘बरं नाही का?’ काय सांगणार? 2020 साली लव्हला निवडल्यावर आपल्याला आनंद झालेला नाही हे रॉजर्सनं लपवलं नाही, असं जावयांनी सांगितलं तेव्हा मला तो सहा फुटी गोरा माणूस एकदम आमच्या आस्थापना विभागातला वाटायला लागला. आणि त्यानं केलं काय? त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला! मला आमच्या ऑफिसात निरोपाला एक घड्याळ मिळालं.

मिनेसोटाबद्दल फार सांगत नाही. त्यांचा जस्टिन जेफरसन चेंडू झेलण्यात एक नंबर, तोही बाविसावा निवडलेला. पण खरं सांगू का, या चौघांत मला पटलं ते डेट्रॉइट. 2008 साली सोळाच्या सोळा सामने हरलेला संघ. त्यांनी 2016, 2018 आणि 2021 ला पहिल्या फेरीतून खालच्या थराची माणसं घेतली: डेकर, रॅग्नाउ, सूअल. गोविंदा म्हणून लॉस एंजेलिसनं टाकलेला जॅरेड गॉफ आणला. अगदी बिजवर. पण पाया भक्कम, त्यामुळे बिजवराचाही संसार असा फुलला की 2024 ला त्यांनी सतरापैकी पंधरा सामने जिंकले. त्यांचा आमोन-रा सेंट ब्राउन हा रिसीव्हर चौथ्या फेरीत निवडला गेला. त्याच्या आधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते, आणि त्या सोळांची नावं तो क्रमवार पाठ म्हणतो. हा मुलगा सदाशिव पेठेत जन्मायचा, चुकून अमेरिकेत गेला.

ड्राफ्टच्या रात्री आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. त्या वर्षीचा सोहळा नेमका ग्रीन बेला होता, त्यामुळे जावई यजमानासारखे वागत होते. नातू मात्र हरखलेला. मार्चमध्येच शिकागोनं तीन दणकट माणसं आणली होती खालच्या थरासाठी: थूनी, जॅक्सन आणि डालमन. शिवाय नवा प्रशिक्षक बेन जॉन्सन, तोही डेट्रॉइटचं आक्रमण चालवलेला. ‘आजोबा, तुझी दहीहंडी ऐकली त्यांनी,’ नातू म्हणाला. (तो सगळ्यांना तू म्हणतो. इंग्रजीत एकच माणूस असतो.)

एकेक नाव पुकारत होते. पोरं नवे सूट घालून, टोप्या चढवून, आयांना मिठ्या मारत होती. या मुलांची आधी इंडियानापोलिसला परीक्षा होते, धावायला लावतात, उड्या मारायला लावतात, क्वार्टरबॅकचा तर तळहातसुद्धा मोजतात. आमच्या वेळच्या कडक वरमायांनी मुलींना चालायला, गायला लावलं, पण तळहाताला पट्टी लावल्याचं ऐकलं नाही. नातवाला हवा होता ॲश्टन जेंटी. तो सहाव्यालाच लास व्हेगासनं उचलला. दहाव्याला शिकागोनं कोल्स्टन लव्हलँड घेतला. टाइट एंड, म्हणजे थरातही उभा राहणारा आणि चेंडूही झेलणारा. नातू दहा मिनिटं उशीत तोंड खुपसून होता. तेविसाव्याला ग्रीन बेनं मॅथ्यू गोल्डन घेतला. 2002 नंतर पहिल्या फेरीत रिसीव्हर असा त्यांनी घेतलाच नव्हता, त्यामुळे तिथे मैदानात आणि इथे दिवाणखान्यात एकच कल्लोळ झाला. जावई सोफ्यावर उभे राहून नाचले. सासऱ्यासमोर.

मुलगी आतून ओरडली तसा कल्लोळ थांबला. नातू उशीतून बाहेर आला.

‘आजोबा, तुझ्या मागे बसवलेला तो लव्ह. तो चांगला निघाला का?’

‘चांगला निघाला,’ मी म्हटलं. ‘दोन वर्षांत बढती मिळाली त्याला. मला अकरा लागली होती.’

‘मग तू जेट्सकडे नाही गेलास?’

‘आलोय की तुमच्याकडे.’

‘सहा महिन्यांच्या करारावर!’ मुलगी आतून म्हणाली.