सावधान

माझ्या कामाचे नाव मला अजून नीट सांगता येत नाही. 'पुरोहित' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उपरणे आणि शेंडी उभी राहते. चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली साठीपलीकडची बाई त्या चित्रात मावत नाही. मराठीत 'भटीण' हा शब्द आहे, पण तो भटाच्या बायकोला, आणि माझे यजमान चामड्याच्या रसायनशास्त्रात आयुष्य घालवून निवृत्त झाले. अड्यारमधल्या आमच्या गल्लीने हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडवला आहे. इथे प्रत्येक प्रौढ स्त्री 'मामी' असते. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या मामी, वीणा शिकवणाऱ्या मामी, तशी मी 'कल्याण मामी'. तमीळमध्ये कल्याण म्हणजे लग्न. पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा मला वाटले, कोणीतरी माझे भले चिंतीत आहे.

मद्रासला मी १९७९ साली लग्न होऊन आले. शहराचे नाव बदलून चेन्नई झाले १९९६ साली. तोवर माझ्या दोन्ही मुली तमीळमधून भांडू लागल्या होत्या. मधल्या काळात माहेरी पुण्यास गेले असता दोन उन्हाळे बसून पौरोहित्य शिकले. पुण्यात ते नवलाचे राहिले नव्हते. शंकरराव थत्ते यांनी उद्यान मंगल कार्यालयात १९७० च्या दशकात स्त्रियांना हे शिक्षण देण्यास आरंभ केला होता. पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही ते काम हाती घेतले. मी शिकले ते मात्र काही क्रांती करावी म्हणून नव्हे. मला मोठ्याने वाचण्याची हौस होती, आणि परमुलखात मराठी मोठ्याने वाचून दाखवावी असे दुसरे ठिकाण उरले नव्हते.

माझ्याकडे येणारी माणसे तीन तऱ्हेची. संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी पुण्यामुंबईची तरुण मुले. त्यांच्या लग्नात एक बाजू हमखास बिगर मराठी असते. सौकारपेठेतली सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यातली कुटुंबे. यांचे मूळ खानापूर-आटपाडीकडचे, लग्नकार्याला ती आपल्या गावी जातात, पण वास्तुशांत आणि बारशी इथे होतात. आणि तिसरी, तंजावरची मराठी मंडळी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले. त्या काळापासून आलेल्या आणि इथलेच होऊन गेलेल्या मराठी घरांना तमीळ शेजारी 'रायर' म्हणून ओळखतात. त्यांची मराठी घराच्या उंबरठ्याआत राहिलेली. ती ऐकताना प्रथम वाटते की बोलणाराच्या तोंडात काही घास आहे. थोड्या वेळाने ध्यानात येते, घास आपल्याच कानात आहे.

वाचनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझे काम म्हणजे मुख्यतः वाचनच. एरवी मी भरभर वाचणारी. ऑल्कॉटसाहेबांनी १८८६ साली स्थापलेल्या अड्यार ग्रंथालयात मी कित्येक दुपारी घालवल्या आहेत. तिथून जवळच थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातला तो प्रसिद्ध वड. त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळले. पारंब्यांची झालेली खोडे तेवढी उभी आहेत. अशा ठिकाणी माणसाने सावकाश वाचावे. मी तिथेही पाने खात सुटत असे. लग्नात ते चालत नाही. सप्तपदीचे एक पाऊल पडेपर्यंत दुसऱ्याचा मंत्र म्हणता येत नाही, आणि वधूच्या नऊवारीत पाय अडकला तर सगळे वेदवाङ्मय तिच्या मामीने निऱ्या सोडवीपर्यंत थांबून राहते.

मंत्र झाला की मी अर्थ सांगते. मराठीत, तमीळमध्ये, गरज पडल्यास इंग्रजीत. काही वडीलधाऱ्यांना हे आवडत नाही. अर्थ कळला की मंत्राचा दरारा जातो असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे नाही. पण जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटाविना लग्ने लावली, आणि त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर मराठीतूनच एकमेकांशी बोलतात, वचन देतात. इकडे १९६७ साली, अण्णादुरै मुख्यमंत्री असताना, हिंदू विवाह कायद्यात मद्रास राज्यापुरती दुरुस्ती झाली. नातलग-मित्रांसमक्ष दोघांनी, उभयतांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, एकमेकांचा स्वीकार करीत असल्याचे सांगावे. किंवा हार घालावेत, अंगठी घालावी, ताली बांधावी. विवाह झाला. पुरोहिताची गरज नाही. म्हणजे ज्या राज्यात मी हे काम करते तिथल्या कायद्याने मला पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीच रजा दिलेली आहे. तरीही 'उभयतांना समजेल अशी भाषा' ही अट मला इतकी आवडते की कायद्याच्या पुस्तकातले ते पान मी पोथीत घडी करून ठेवले आहे.

आता समजेल अशी भाषा म्हणजे कोणती, हे ठरवणे सोपे नसते. मराठी आणि तमीळ या दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द घेतले, पण घरी नेऊन त्यांना वेगवेगळ्या कामाला लावले. आपला 'संसार' इथे बायको होतो. आपला 'प्रसंग' इथे व्याख्यान होतो, आणि काही व्याख्याने ऐकल्यावर हा फरक फार मोठा आहे असे वाटत नाही. सर्वांत फजिती केली ती 'सावधान'ने. मी लावलेल्या पहिल्याच मिश्र लग्नात मंगलाष्टक संपवून खड्या आवाजात 'शुभमंगल सावधान' म्हटले, तशी मराठी बाजूने अक्षतांचा पाऊस पाडला आणि तमीळ बाजू खुर्चीला पाठ टेकून निवांत बसली. नंतर नवऱ्या मुलाच्या काकांनी माझे कौतुक केले. म्हणाले, "आमचे वाध्यार सारखे मुहूर्त चुकेल म्हणून ओरडतात. तुम्ही मात्र दर श्लोकानंतर सांगत होता, सावकाश, सावकाश." तमीळमध्ये 'सावधानमा' म्हणजे निवांतपणे, घाई न करता. बोहल्यावरून पळालेल्या समर्थांना हा अर्थ ठाऊक असता तर ते कदाचित जेवणापर्यंत थांबले असते. गंमत अशी की त्यांच्या शिष्यपरंपरेचे मठ पुढे तंजावरातच झाले.

मला सांगायचे आहे ते एका तंजावरी घरातल्या आजींच्या वहीविषयी. २०१२ साली त्यांच्या थोरल्या नातीचे लग्न होते. घर कोट्टूरपुरमला, अड्यार नदीच्या बाजूस, तळमजल्यावर. वाध्यार मिळत नव्हते असे नाही. मुलीलाच आपण काय म्हणतो ते समजायला हवे होते, म्हणून मला बोलावले. आजी नव्वदीला टेकलेल्या. त्यांचे शिक्षण कुंभकोणमला, चार यत्ता, तमीळमधून. मराठी बोलत आयुष्य गेले, पण देवनागरी अक्षर त्यांना येत नव्हते. त्यांनी एक जुनी वही पुढे केली. ऊंजल म्हणजे वधूवरांना झोपाळ्यावर बसवून म्हणायची गाणी, सासूकडून ऐकलेली, अकरा. भाषा मराठी, लिपी तमीळ. "आता गळा राहिला नाही," म्हणाल्या, "तू वाच. पण त्या अक्षरांत लिहून घे, म्हणजे पोरींना पुढे मिळेल."

तमीळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. तेव्हा घर, कर, खर आणि गर हे सारे एकसारखेच दिसतात. हातात हात द्यायचा की गाढव, ते संदर्भावरून ठरवायचे. आजींना अडचण नव्हती, त्यांना गाणी पाठ होती. वही त्यांच्या लेखी नुसती खूणगाठ होती. मी ती आठ दिवसांत देवनागरीत उतरवली आणि उतरवता उतरवता सुधारली. ही कबुली द्यायला मला बारा वर्षे लागली. जिथे 'कल्याण' होते तिथे मी 'लग्न' केले. म्हटले, तमीळच्या सहवासाने शब्द बिघडला. क्रियापदे सरळ केली, लिंगे दुरुस्त केली, छंदात लंगडणाऱ्या ओळींना टेकू दिले. पहिल्या गाण्यात आई मुलीला 'अवसर नको' असे काहीसे सांगत होती. अवसर म्हणजे संधी. लग्नाच्या दिवशी आई मुलीला संधी नको कशाला म्हणेल? लिहिताना चूक झाली असणार, असे ठरवून मी तिथे 'विसर नको' केले. सासरी जाणाऱ्या मुलीला आईने आम्हाला विसरू नकोस म्हणावे, यापरते नैसर्गिक काय? माझ्या या युक्तीवर मी त्या रात्री खूश होते.

ऊंजलच्या वेळी मी गाणी वाचली. मंडळींनी डोळे पुसले. आजी समोर वेताच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "छान वाचलीस गं," म्हणाल्या. "पण हे तुमचं झालं. आमचं नव्हे." मला वाटले, त्या माझ्या पुणेरी उच्चारांविषयी बोलत आहेत. मी हसून तो विषय संपवला.

आजी २०१४ साली गेल्या. पुढच्या वर्षी, १ डिसेंबरच्या रात्री, चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी सोडल्यावर अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि कोट्टूरपुरममधल्या तळमजल्यांत शिरली. त्या घरातली माणसे वर गच्चीत गेली आणि वाचली. खालच्या लाकडी कपाटात जे होते त्याचा लगदा झाला. चार दिवसांनी मी डबे घेऊन गेले तेव्हा घरातली मंडळी चिखल उपसत होती. वहीबद्दल विचारायची ती वेळ नव्हती, तरी धाकटी नात आपणहून म्हणाली, "मामी, बरं झालं, तुमच्याकडे सगळं उतरवून ठेवलेलं आहे."

उतरवून ठेवलेले होते खरे.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या देवळातला, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा इतिहास पाहिला. एवढी देवनागरी दगडावर एका जागी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मान वर करून, बोट पुढे नेत, दोन-चार ओळी वाचल्या आणि मान अवघडली. सरस्वतीमहाल ग्रंथालयात जाऊन आले. परत आल्यावर तंजावरच्या मराठी नाटकांवरचे एक पुस्तक मिळवून वाचू लागले, आणि शहाजीराजांच्या नाटकाच्या नावापाशी थांबले. १६८४ ते १७१२ या त्यांच्या कारकिर्दीतले ते नाटक मराठी रंगभूमीचा आरंभ मानल्या गेलेल्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'हून दीडएकशे वर्षांनी जुने. नाव 'लक्ष्मीनारायण कल्याण'. कल्याण, म्हणजे लग्न. राजाच्या मराठी नाटकात. आजींच्या ओठी बिघडलेला म्हणून मी खोडलेला शब्द इकडच्या मराठीत तीनशे वर्षे नांदत होता. मी कपाटातून माझी प्रत काढली आणि 'लग्न' खोडून पेन्सिलीने 'कल्याण' लिहिले. मग बाकीच्या दुरुस्त्या शोधू लागले. सापडेनात. माझे अक्षर चांगले आहे आणि ती प्रत फार स्वच्छ उतरली होती. खाडाखोडीचे कच्चे कागद मी त्याच आठवड्यात रद्दीत दिले होते.

गेल्या तै महिन्यात धाकट्या नातीचे लग्न झाले. मार्गळी संपली की इथे मुहूर्तांची दाटी होते. ऊंजलला तिने आजीचीच गाणी वाचायला सांगितली. पहिले गाणे मी वाचू लागले. 'विसर नको' म्हटले आणि झोपाळ्याची साखळी धरून उभे असलेले मुलीचे वडील पुटपुटले. हे गृहस्थ फार कमी बोलतात. थोरलीच्या लग्नात त्यांच्या तोंडून मी दहा वाक्येही ऐकली नव्हती.

"काय म्हणालात?"

ते संकोचले. "काही नाही. आई 'अवसर नको' म्हणायची."

अवसरम्! तमीळमध्ये अवसरम् म्हणजे घाई. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, पंचेचाळीस वर्षे मी हा शब्द दिवसातून चार वेळा ऐकत आले आहे. रिक्षावाल्यांना मी स्वतः तो वापरून बजावत असते. पण वही पुढे घेऊन बसले की मी पुण्याची होत असे, आणि पुण्याच्या बाईला तो दिसला नाही. आई मुलीला सांगत होती की घाई करू नकोस. गाण्याचा शेवट 'सावधान'ने होत होता. तो मी मंगलाष्टकासारखा टिपेला नेऊन म्हटला होता. आजींच्या सासूने तो कसा म्हटला असेल ते आता ऐकू आले. मी ते गाणे पुन्हा पहिल्यापासून वाचले. शेवटचा शब्द खालच्या आवाजात घेतला. मराठी पाहुण्यांनी सवयीने अक्षता टाकल्याच.

आता दर गुरुवारी संध्याकाळी ते एलियट्स बीचवर फिरून झाल्यावर आमच्याकडे येतात. त्यांनाही देवनागरी वाचता येत नाही. मी माझी प्रत वाचते, ते डोळे मिटून ऐकतात, आणि काही खटकले की तर्जनी वर करतात. पुष्कळदा नुसती तर्जनीच वर होते. शब्द आठवत नाही. अशा जागी मी पेन्सिलीने फुली करून ठेवते. अकरांपैकी चार गाणी झाली आहेत. पाचव्यात दुसऱ्या ओळीला मी 'घर' लिहिले आहे. त्यांना वाटते, आई तिथे हात दाखवून गात असे, म्हणजे 'कर' असेल. पुढच्या गुरुवारपर्यंत ते तंजावरला मावसबहिणीला फोन करून विचारणार आहेत. तिला ऐकू कमी येते, म्हणून सकाळी करा असे मी सुचवले आहे.