टाळं लागलेल्या घरातली लेक

कृष्णाकाठच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे नव्हतेच. त्यांच्या तरुणपणी कऱ्हाड, वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके एकाच साताऱ्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं, तरी ही माणसं 'आमचा सातारा' म्हणत राहिली. प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता भूमिगतांनी चालवलेलं सरकार, त्या जुन्या साताऱ्याचं. त्यामुळं नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजही दोन्ही जिल्ह्यांतनं फिरून यावं लागतं.

आमच्या पिढीनं प्रतिसरकार पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलं. पारावरची गोष्ट वेगळी आणि चुलीपुढची वेगळी. पारावर ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी कशी लुटली ते चालायचं, नाहीतर पुढच्या वर्षीचा धुळ्याकडचा खजिना. चुलीपुढं मात्र रात्री कोण कोण जेवून गेलं, पिठाचा डबा कुणाच्या घरनं भरून आला आणि पोलिसांना काय सांगितलं हे चालायचं. पारावरच्या गोष्टींची पुस्तकं झाली, स्मारकं झाली. चुलीपुढच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगणारं माणूस विरळा, आणि हौसाताई पाटील तशा होत्या.

क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. जन्म १९२६ चा, गाव येडे मच्छिंद्र. तीन वर्षांची असताना आई गेली. नाना तलाठी होते, त्यांनी नोकरी सोडली आणि चळवळीत पडले. मग तुरुंगाच्या वाऱ्या, आणि १९४२ नंतर तर पुरते भूमिगत. नाना भूमिगत झाले, पण घर गावातच होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सरकारला नाना सापडत नव्हते, तेव्हा त्यांचं घर आणि रान सापडलं.

थंडीच्या दिवसांतली सकाळ, चुलीवर वांगी आणि भाकरी, अन् दारात जप्ती आली. घराला टाळं लागलं, जमीन गेली. घरातल्या माणसांचा संसार उघड्यावर आला. गावानं नानांचं नाव अभिमानानं घ्यायचं आणि नानांच्या घरच्यांना कामाला मात्र बोलवायचं नाही, असे ते दिवस. लोक वाईट नव्हते. पोलिसांची भीतीच तशी होती, चिमूटभर मीठ द्यायलासुद्धा हात मागं यायचा. मग झाडाची उंबरं शिजवायची, त्यावर दिवस काढायचा. पुढं हौसाताईंच्या मामांनी बैलजोडी आणि गाडी केली. गूळ, शेंगा, जोंधळा भरून गाडी ताकारीला नेली की तीन रुपये, कऱ्हाडपर्यंत नेली की पाच. म्हातारपणीही हौसाताईंना हे भाडं तोंडपाठ होतं. मला वाटतं, त्या काळाचा इतिहास लिहिताना या तीन आणि पाच रुपयांना लुटलेल्या खजिन्याच्या शेजारीच जागा द्यायला हवी. खजिना चळवळीच्या कामी आला. नानांच्या घरची चूल मात्र गाडीच्या भाड्यावर पेटली.

अशा घरातली मुलगी एकतर चळवळीच्या नावानं बोटं मोडत वाढते, नाहीतर स्वतःच तीत उतरते. हौसाताई उतरल्या. लग्न झालं ते भगवानरावांशी, सासर हणमंतवडिये, आणि नवराही त्याच वाटेचा. प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या तुकड्यांबरोबर रेल्वे, टपाल, डाक बंगले यांच्यावरच्या हल्ल्यांत त्या होत्या. कुठं पोलीस किती, कधी बदलतात, ही बातमी काढून आणायचं काम बायकांकडं असायचं, कारण डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईकडं शिपाई वळून बघत नसे.

भवानीनगरची गोष्ट तर आमच्याकडं हसत हसतच सांगतात. पोलिसांच्या बंदुका पळवायच्या होत्या. ठरलं असं, की नवरा-बायकोनं पोलीस ठाण्यासमोर भांडण काढायचं. भगवानरावांनी भर रस्त्यात बायकोला मारायला सुरुवात केली, शेवटी मोठा धोंडा उचलला. बाई मरते आता, म्हणून पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि सोबत्यांनी आतल्या बंदुका उचलल्या. यावर हौसाताईंची तक्रार शेवटपर्यंत राहिली, की नवऱ्यानं खरंच मारलं. नवऱ्याचं म्हणणं, खोटं मारलं असतं तर पोलीस फसले असते का? हसू येतं खरं. पण बाई नवऱ्याचा मार खातेय हे दृश्य पोलिसांना इतकं ओळखीचं होतं, की त्यात डाव असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. या गोष्टीतलं हे कुणी बोलत नाही.

गोव्याची गोष्ट मोठी. बाळ जोशी हा कार्यकर्ता हत्यारांच्या कामी गेला आणि पोर्तुगीजांच्या हाती सापडला. हौसाताई बहीण म्हणून त्याला तुरुंगात भेटल्या. सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात खोवलेला होता. तो सुटला, पण परतीच्या वाटा पोलिसांनी धरलेल्या. जंगलातनं पायी यावं लागलं आणि मध्ये मांडवी आडवी आली. पोहता येत नव्हतं. एक लाकडी पेटी मिळाली, तिच्यावर पालथं पडून, काळोख्या रात्री त्या नदी उतरल्या. बरोबरचे लोक शेजारनं पोहत होते. गावच्या विहिरीतसुद्धा न उतरलेल्या बाईनं मांडवी ओलांडली.

हौसाताई अशा एकट्याच नव्हत्या. त्याच पिढीतल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर. माहेर कऱ्हाडजवळचं इंदोली, १९४२ ला सोळा-सतरा वर्षांच्या असताना घर सोडलं आणि भूमिगतांना हत्यारं पोचवण्यापर्यंत सगळं केलं. स्वातंत्र्य आलं, आणि १९५२ साली नवरा बाबुजींचा खून झाला. पदरी लहान मुलगा भारत. इंदुताई कासेगावच्या आझाद विद्यालयात शिकवत राहिल्या, पुढं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी परित्यक्तांच्या चळवळीत उतरल्या. सून आली ती अमेरिकेची, गेल ऑम्व्हेट, आणि तीही कासेगावचीच झाली. २०१७ साली इंदुताई गेल्या.

स्वातंत्र्यानंतर हौसाताई राजकारणात मोठ्या झाल्या नाहीत. नाना खासदार झाले, १९७६ साली गेले. त्यांचे पुतळे झाले. हौसाताई शेतीवाडी आणि संसार करत राहिल्या, उतारवयात विट्याला असायच्या. भेटायला आलेल्यांना त्या पुढाऱ्याच्या थाटात काही सांगत नसत. शेतकऱ्यांचा प्रश्न निघाला की मात्र आवाज चढायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरातले शेतकरी दिल्लीला मोर्चाने गेले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या हौसाताईंनी त्यांना पाठिंब्याचा निरोप धाडला.

२३ सप्टेंबर २०२१ ला त्या गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत तुफान सेनेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ, रामचंद्र श्रीपती लाडही गेले.

पत्रकार पी. साईनाथ विट्याला हौसाताईंना भेटायला गेले होते, तो प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. सगळं सांगून झालं आणि मंडळी निघायला उठली, तेव्हा हौसाताईंनी विचारलं, मग मला नेताय ना बरोबर? कुठं, ते पाहुण्यांना कळेना. त्यावर बाईंचं उत्तर तयार होतं: तुमच्याबरोबर, कामाला.