निदान

‘निदान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. वैद्य रोगाचे कारण ठरवतो ते निदान. आणि ‘निदान एवढे तरी सांगा’ असे आपण म्हणतो तेव्हाचे, ‘किमानपक्षी’ या अर्थाचे निदान. संस्कृतात या शब्दाचा अर्थ मूळ कारण. ‘माधवनिदान’ हा आयुर्वेदातला ग्रंथ या एकाच अंगासाठी विख्यात आहे. मूळ कारण आणि किमान मागणी या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आम्हांला वर्षानुवर्षे मराठी शिकवूनही कधी वाटले नव्हते. तो संबंध आमच्या ध्यानात आला एका गाडीच्या गिअरबॉक्समुळे. साहित्याच्या वाचकांना हा विषय परका वाटेल हे आम्ही जाणतो. तरीही थोडी सोबत करावी, अशी विनंती आहे.

आम्ही दोघेही निवृत्त प्राध्यापक. आमच्यापैकी एकीचा डावा पाय अर्धांगवायूनंतर पूर्वीसारखा काम करीत नाही. क्लच दाबणे अशक्य झाले, तेव्हा आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. अशा गाडीत डाव्या पायाला काही कामच नसते. ग्रंथालयात जाणे, फिजिओथेरपीला जाणे, मैत्रिणीकडे जाऊन वेळेचे भान न ठेवता गप्पा मारणे, हे सारे पुन्हा कुणाला न विचारता होऊ लागले. म्हणून त्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा उरला नाही.

लक्षणे अशी होती. गाडी थंड असताना निर्दोष चाले. अर्ध्या तासाने गिअर बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखा झटका बसू लागे, आणि मग ती एकाच गिअरमध्ये अडकून राही. बंद करून थोड्या वेळाने सुरू केली की पुन्हा शहाण्यासारखी वागे. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला गेला, त्यावर पी-०७४८ हा कोड आला, आणि पाच मिनिटांत निर्णय झाला की सोलेनॉइड गेला आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवलाच तर पूर्ण बदललेला बरा. सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. याचा सरळ अर्थ गाडी विकणे.

हा सोलेनॉइड म्हणजे काय, हे समजून घेणे आम्हांला भाग पडले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअर याने ग्रीक भाषेतल्या ‘नळी’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घडवले. आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘नालकुंतल’ म्हणतात. नळीभोवती गुंडाळलेल्या तारेला केसांच्या बटेची उपमा देणारा हा पारिभाषिक शब्द कोणा रसिकाने केला असावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर धरून ठेवण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे क्लच करतात. तो दाब किती असावा हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याची आज्ञा तेलापर्यंत पोचवतो तो हा दाब-नियंत्रक नालकुंतल. कॉम्प्युटर त्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचे प्रमाण बदलले की सरासरी प्रवाह बदलतो, त्यानुसार झडप सरकते आणि दाब बदलतो.

आमच्या गाडीच्या प्रकारात प्रवाह जितका कमी, तितका दाब अधिक. प्रवाह पूर्ण तुटला तर दाब कमाल होतो. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते, पण त्यामागे विचार आहे. दाब अपुरा पडला तर क्लच घसरतात आणि जळून जातात. दाब जास्त झाला तर झटके बसतात, पण गाडी घरी पोचते. म्हणजे आम्हांला बसणारे झटके हा गिअरबॉक्सचा रोग नव्हता. वरून आज्ञा येईनाशी झाल्यावर त्याने स्वतःला सावरण्यासाठी घट्ट आवळलेली ती मूठ होती. लक्षण आणि कारण यांतले हे अंतर त्या पाच मिनिटांच्या निर्णयात कुठेच आले नव्हते.

पुण्यातल्या नाना पेठेच्या आसपास गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथल्या ओळखीतून आम्ही एका वयोवृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचलो. सारे त्यांना वस्ताद म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. कोडचा कागद त्यांनी पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, कोड म्हणजे तक्रार. पंचनामा अजून व्हायचा आहे.”

त्या कोडचे वाचन त्यांनी ज्या काटेकोरपणे केले, तसे वाचन आम्ही वर्गात फार थोड्या वेळा ऐकले आहे. एकमेकांशेजारी पाच कोड आहेत. ०७४५ म्हणजे या सोलेनॉइडच्या बाबतीत काहीतरी बिघाड, ०७४६ म्हणजे तो नीट काम करीत नाही किंवा बंद स्थितीत अडकला, ०७४७ म्हणजे चालू स्थितीत अडकला, ०७४८ म्हणजे विद्युत् दोष, आणि ०७४९ म्हणजे अधूनमधून उद्भवणारा दोष. आमचा कोड विद्युत् दोषाचा. वस्तादांचे म्हणणे असे की कॉम्प्युटरने तेल पाहिलेले नाही, झडप पाहिलेली नाही. त्याला फक्त आपण मागितलेला करंट आणि प्रत्यक्ष वाहिलेला करंट यांतला फरक कळतो. तो फरक सोलेनॉइडमध्ये असेल, तारेत असेल, कपलरमध्ये असेल, किंवा खुद्द कॉम्प्युटरमध्ये असेल. कोड मंडलाविषयी बोलतो, सुट्या भागाविषयी नाही.

पुढची तपासणी आम्ही शेजारी स्टुलावर बसून पाहिली. आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थ. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या पुढे, चालू असताना चौदाच्या जवळ. तिथे काही उणे नव्हते. मग मल्टीमीटर. पण तो सोलेनॉइडला लावण्यापूर्वी वस्तादांनी त्याच्या दोन टोकांच्या सुया एकमेकींना टेकवल्या. आकडा आला ०.३ ओहम. हा मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध. पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करायचा. चार ओहमच्या वस्तूत ०.३ ही किरकोळ चूक नव्हे. समीक्षेत पूर्वग्रहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आधी मोजून घ्यावा आणि नंतर वजा करावा इतकी साधी कृती त्यासाठी कुणी सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कपलरवर मोजल्यावर वजाबाकी करून सोलेनॉइडचा रोध आला ४.० ओहम. मॅन्युअलमध्ये २० अंश तापमानाला ३.५ ते ४.६ अशी मर्यादा होती. दोन्ही टोके गिअरबॉक्सच्या धातूपासून पूर्णपणे अलग होती, म्हणजे आत कुठे शॉर्ट नव्हता. मग गाडी तासभर फिरवून तेल तापवले आणि पुन्हा मोजले. आता आकडा होता ५.०. हाताखालचा मुलगा आनंदाने म्हणाला, “वस्ताद, सापडला! मर्यादेच्या बाहेर गेला.”

वस्तादांनी मान हलवली. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सकाळी २५ अंशांना ४.० असलेली तार ९० अंशांना ५.० च्या आसपासच असायला हवी. तशी ती होती, म्हणून सोलेनॉइड निरोगी होता. पुस्तकातली मर्यादा २० अंशांच्या संदर्भात खरी. तो संदर्भ सोडून आकडा उचलला की निर्दोष वस्तू दोषी ठरते. कवितेची एक ओळ संदर्भातून उपटून तिच्यावर आरोपपत्र ठेवणाऱ्या लेखांची आम्हांला आठवण झाली.

आता उरली वायरिंग. दोन्ही टोकांचे कपलर काढून तार मोजली तर तीही ठीक. पण वस्तादांचे समाधान झाले नाही. मल्टीमीटर रोध मोजताना तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडतो. आतल्या धाग्यांपैकी एक शाबूत असला तरी तो ‘तार अखंड आहे’ असेच सांगतो. प्रत्यक्ष काम पडल्यावर तो एक धागा पुरा पडत नाही. म्हणून त्यांनी कपलर जोडले, गाडी सुरू केली आणि भार असताना तारेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते पाहिले. चांगल्या तारेत हा आकडा व्होल्टच्या एकदोन दशांशांपलीकडे जाऊ नये. सुरुवातीला तो तसाच होता. मग त्यांनी हार्नेस वीतभर-वीतभर हलवत नेला. सायलेन्सरच्या पाइपाजवळच्या वळणावर हात पोचताच आकडा उड्या मारू लागला. हात थांबला की आकडा थांबे. हात हलला की आकडा हले. पुढे-मागे कुठेही हलवले तर काही होत नसे.

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असताना ते असणे, आणि हे नसताना ते नसणे. पहिली बाजू एकटी पुरत नाही. झटके बसत होते आणि कोडमध्ये सोलेनॉइडचे नाव होते, एवढ्या सहवासावर पहिल्या गॅरेजने निर्णय दिला होता. ‘सोलेनॉइड बदलला नाही, तरी झटके जाऊ शकतील का?’ हा व्यतिरेकाचा प्रश्न तिथे विचारलाच गेला नव्हता. कोड हे शब्दप्रमाण, मीटर हे प्रत्यक्ष, आणि या दोहोंमधून जे सिद्ध करायचे ते अनुमान. वस्तादांनी ही नावे कधी ऐकली असतील की नाही, कोण जाणे. त्यांच्या हातांना मात्र ती ठाऊक होती.

तारेवरचे आवरण उष्णतेने मऊ पडून फाटले होते. हार्नेस धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटल्याने तो पाइपाकडे झुकला होता. आत तांब्याच्या धाग्यांवर हिरवट गंज चढला होता. गाडी तापली की पाइपाची धग लागून उरलासुरला संपर्क सुटे, थंड झाली की जुळे. अर्ध्या तासाचे कोडे असे उलगडले. वस्तादांनी बाधित तुकडा कापून काढला, नवी तार डाग देऊन जोडली, त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवली, हार्नेस पाइपापासून दूर बांधला, आणि कोड पुसला. त्यावरही ते थांबले नाहीत. आठवडाभर रोज तासभर गाडी चालवा आणि मग या, असे सांगितले. आठवड्याने स्कॅनर कोरा होता. बिल झाले अठराशे रुपये, आणि त्यातले बहुतेक पैसे तपासणीच्या वेळेचे होते, याचे आम्हांला फार बरे वाटले. वाचनाची मजुरी कुणीतरी लावली होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही आयुष्यभर अनेक संज्ञा दिल्या. परात्मता, अस्तित्ववाद, देशीवाद, स्त्रीवाद. त्या आवश्यकच आहेत. कोडही आवश्यकच असतो, त्याच्याविना वस्तादांनी सुरुवात कुठून केली असती? पण उत्तरपत्रिकांत आणि पुष्कळदा छापील समीक्षेतही संज्ञा उच्चारली की काम संपते. कादंबरीत परात्मता आहे, हे ठरले. ती पात्रात आहे, निवेदकात आहे, भाषेत आहे, की आपल्या हातातल्या मीटरच्या तारांत आहे, हे पाहायला कुणी वाकत नाही. मग अडकलेल्या प्रत्येक गाडीचा गिअरबॉक्स उतरवला जातो. ज्या कृतीत एक तार सैल होती ती अख्खी मोडीत निघते, आणि तिच्यावर विसंबलेला कुणी वाचक घरातच बसून राहतो.

मूळ कारण शोधणे आणि किमान मागणी करणे यांचा संबंध आम्हांला इथे दिसला. मूळ कारण हाती लागेलच याची हमी कुणालाही देता येत नाही. पण निर्णय देण्यापूर्वी निदान सुया एकमेकींना टेकवून पाहाव्यात, निदान आकड्यामागचे तापमान विचारावे, निदान तार भाराखाली असताना एकदा हलवून पाहावी, एवढी अपेक्षा कोणत्याही वाचकाकडून ठेवता येते. वस्ताद त्यासाठी दोन दिवस गाडीखाली आडवे झाले होते.